पाऊस थांबतो आणि शिंका सुरू होतात

पितृपक्ष संपत आला की आमच्याकडे माळा उतरवतात. चार महिने वर पडलेल्या गोधड्या, सतरंज्या, जुन्या मासिकांचे गठ्ठे, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेले खोके असं सगळं खाली येतं. पहिली गोधडी गॅलरीत झटकली की घरातल्या निम्म्या माणसांना सटासट शिंका. डोळे चुरचुरतात, टाळूला आतून खाज सुटते, नाक एकतर वाहतं नाहीतर चोंदतं. ताप मात्र नसतो. 'हवा बदलली' म्हणत आई आल्याचा काढा ठेवते.

ऐन पावसात भिजूनही ठणठणीत राहिलेली माणसं ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर आजारी का पडतात, हे कोडं जुनं आहे. 'वैद्यानां शारदी माता, पिता तु कुसुमाकरः' असं एक वचन आहे. शरद ऋतू वैद्यांची आई आणि वसंत त्यांचा बाप, म्हणजे या दोन ऋतूंवर त्यांचं घर चालतं. वसंतातल्या शिंकांचं कारण आपल्याला शाळेतच कळतं: फुलांचे परागकण. शरदातल्या शिंकांसाठीही सवयीने आपण परागकणांनाच धरतो, नाहीतर 'व्हायरल' म्हणून सोडून देतो. या सगळ्यात एक संशयित नेहमी निसटतो. तो म्हणजे बुरशी. बाथरूमच्या कोपऱ्यात काळी दिसते ती आहेच, पण त्याहून कितीतरी जास्त बुरशी बाहेरच्या हवेत न दिसता तरंगत असते.

बुरशीचं 'बी'

शिळ्या भाकरीवरचा हिरवट भुगा, लोणच्याच्या तोंडाशी आलेला पांढरा थर, पावसाळ्यात उकिरड्यावर उगवलेल्या भुईछत्र्या, पावाच्या पिठातलं यीस्ट ही सगळी एकाच खानदानातली मंडळी. ती वनस्पतीही नाहीत आणि प्राणीही नाहीत. शास्त्रज्ञांनी आजवर सुमारे दीड लाख प्रकारच्या बुरशींची नोंद केली आहे आणि नोंद न झालेल्या त्याहून खूप जास्त असाव्यात, असं मानलं जातं. सुदैवाने अ‍ॅलर्जीसाठी ज्यांची नावं वारंवार घेतली जातात त्या थोड्याच आहेत.

बुरशीचं खरं शरीर म्हणजे अन्नात पसरलेले बारीक तंतू. ते जागचे हलत नाहीत. पसरायचं काम करतात ते बीजाणू, म्हणजे बुरशीचं 'बी' समजा. परागकणापेक्षा हा प्रकार वेगळा आहे. परागकण हा नुसता नवरदेव. त्याला नवरी भेटली तरच संसार. बीजाणू एकटाच पुरेसा असतो. ओल आणि थोडं खाद्य मिळालं की त्यातून अख्खी बुरशी उभी राहते. म्हणूनच बुरशी बीजाणूंची अक्षरशः उधळण करते. झाडाच्या खोडावर फळीसारखी वाढणारी गॅनोडर्मा नावाची एक कठीण अळंबी आहे. तिच्या एका मोठ्या फळीतून दिवसाला 30 अब्ज बीजाणू सुटतात, असा हिशेब कॅनडातले कवकशास्त्रज्ञ रेजिनल्ड बुलर यांनी मांडला होता. एका दिवसाचा!

आकाराचा अंदाज यावा म्हणून: अ‍ॅस्परजिलस या बुरशीचा बीजाणू मोहरीएवढा मानला, तर गवताचा परागकण लिंबाएवढा भरेल. बीजाणूचं खरं माप दोन-तीन मायक्रॉन, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पाच मायक्रॉनचा बीजाणू स्तब्ध हवेत सेकंदाला जेमतेम एक मिलिमीटर खाली येतो. दोन मीटर उंचीवरून जमिनीवर टेकायला त्याला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो, आणि घरातली हवा अर्धा तास स्तब्ध कधीच नसते.

(अ‍ॅस्परजिलस हे नाव 1729 मध्ये फ्लॉरेन्सच्या मिकेली नावाच्या धर्मगुरूने दिलं. चर्चमध्ये पवित्र पाणी शिंपडण्याचं जे साधन असतं त्याच्या आकारावरून. गोव्यातल्या वाचकांनी ते पाहिलेलं असेल. सूक्ष्मदर्शकाखाली ही बुरशी अगदी तशीच दिसते.)

पावसात वाढते, उन्हात उडते

माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. बुरशीला वाढायला ओल लागते, हे सर्वांना माहीत आहे. मग जुलैत सगळ्यात जास्त त्रास का होत नाही? कारण वाढणं आणि उडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मिरच्या दळायच्या आधी आपण त्या उन्हात घालतो. ओल्या मिरचीचा खकाणा उठत नाही, वाळलेल्या मिरचीचा उठतो. क्लॅडोस्पोरियम आणि अल्टरनेरिया या हवेत सर्वाधिक सापडणाऱ्या बुरशींचंही असंच आहे. पावसाळाभर त्या पालापाचोळ्यावर, मरत्या गवतावर, पिकाच्या खालच्या पिवळ्या पानांवर पोसल्या जातात. बीजाणू तयार असतात, पण पानं ओली असतात आणि मधूनमधून येणारी सर हवा धुऊन काढते. साधारण ऑक्टोबरच्या पूर्वार्धात मान्सून महाराष्ट्रातून माघार घेतो. आकाश निरभ्र होतं, ऊन चटका देऊ लागतं, पानं कुरकुरीत होतात. आता वाऱ्याची झुळूक पुरते. या बुरशींचे बीजाणू हवेत सर्वात जास्त सापडतात तेही दुपारी, हवा कोरडी आणि हलती असताना.

ऐन पावसात हवा बीजाणूमुक्त असते असं मात्र नाही. तेव्हा दुसरी टोळी कामावर असते. काही बुरशींच्या बारीक पिशव्यांमध्ये पाणी शिरून दाब वाढतो आणि बीजाणू पिचकारीसारखे बाहेर उडतात. पावसाची सर येऊन गेल्यावर यांची संख्या एकदम वाढते. भुईछत्र्यांचे बीजाणू रात्री आणि पहाटे, दमट हवेत सुटतात. म्हणजे दिवस-रात्र दोन पाळ्या चालतात. शरदात गंमत अशी होते की या दोन्ही पाळ्या एकमेकींना चिकटून येतात. पहाटे दव, दुपारी चटका, मध्येच परतीच्या पावसाचं वादळी झोडपणं, दुसऱ्या दिवशी पुन्हा कोरडं.

थंड देशांत ऋतूचं कारण निराळं, पण निष्पत्ती तीच. ब्रिटनमध्ये गवताचे पराग जुलैअखेर ओसरतात आणि ज्यांचा त्रास तरीही सुरू राहतो त्यांच्या बाबतीत बुरशीचा विचार होतो. शेतात कापणी, बागेत पानगळ, अंगणात कुजणारे पानांचे ढीग. न्यू जर्सीत राहणारा आमचा एक नातेवाईक दर ऑक्टोबरला अंगणातली पानं गोळा करून संध्याकाळी नाक धरून बसतो. अमेरिकेत मात्र याच दिवसांत रॅगवीड नावाच्या तणाचे परागही जोरात असतात, त्यामुळे तिथे आरोपी एकच ठरवणं अवघड होतं.

अंग का चिडतं?

बीजाणू आपण सगळेच ओढतो. विश्रांतीतला माणूससुद्धा दिवसाकाठी साधारण 10 घनमीटर हवा आत-बाहेर करतो. क्लॅडोस्पोरियमसाठी घनमीटरला 3,000 बीजाणू ही त्रासाची सीमा म्हणून अनेकदा धरली जाते. त्या हिशेबाने दिवसाला 30,000 बीजाणू नाकातून जातात. अल्टरनेरियासाठी ही सीमा अवघी 100 मानतात, एवढी ती जहाल. तरी बहुतेकांना काहीच होत नाही. मग काहींनाच का?

गल्लीतला कुत्रा आठवा. पोस्टमन पहिल्यांदा येतो तेव्हा तो नुसता हुंगतो. पण एकदा का 'हा खाकीवाला आपला शत्रू' असं त्याच्या डोक्यात बसलं, की पोस्टमन कोपऱ्यावर दिसताच गल्ली डोक्यावर घेतो. पोस्टमनने काही केलेलं नसतं. गोंधळ सगळा कुत्र्याचा. आपल्या शरीरात ही खूणगाठ बांधणारं प्रथिन म्हणजे आयजीई हे प्रतिपिंड. 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत इशिझाका पती-पत्नींनी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी ते शोधलं. पहिल्या भेटींमध्ये आयजीई तयार होतं आणि नाकाच्या, श्वासनळीच्या अस्तरातल्या विशिष्ट पेशींवर चिकटून बसतं. पुढच्या वेळी तेच प्रथिन आलं की या पेशींतून हिस्टामिन हे रसायन सांडतं आणि शिंका, खाज, पाणी हे सगळं सुरू होतं. 'यंदाच सुरू झालं, आधी कधी नव्हतं' हे वाक्य डॉक्टर रोज ऐकतात. आधीची वर्षं कुत्रा हुंगत होता.

हा कुत्रा खाकी कपड्यातल्या कुरिअरवाल्यावरही भुंकतो. वेगवेगळ्या बुरशींची काही प्रथिनं एकमेकींसारखी असतात, त्यामुळे एकीची अ‍ॅलर्जी असलेल्याला दुसरीचाही त्रास होऊ शकतो.

बुरशीच्या बाबतीत आणखी दोन भानगडी आहेत. एक म्हणजे बीजाणू जिवंत असतो. तो रुजू लागला की त्यातून अ‍ॅलर्जी आणणारी प्रथिनं जास्त प्रमाणात सुटतात, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. दुसरी म्हणजे अख्ख्या बीजाणूइतकेच त्याचे आणि तंतूंचे तुकडेही हवेत असतात. अल्टरनेरियाचा बीजाणू मुद्गलासारखा, चांगला 20 ते 50 मायक्रॉन लांब. एवढा मोठा ऐवज नाकातच अडकायला हवा. तरी दम्याशी त्याचा संबंध सर्वात पक्का आहे, आणि त्याचं एक कारण हे तुकडे असावेत. 1991 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी दम्यात अचानक श्वास बंद पडलेल्या 11 तरुण रुग्णांचा अभ्यास छापला. त्यांतल्या 10 जणांना अल्टरनेरियाची अ‍ॅलर्जी होती आणि झटके उन्हाळ्यात व शरदाच्या सुरुवातीला आले होते. 11 ही संख्या लहान आहे. पण तेव्हापासून शरदातल्या दम्याकडे पाहताना डॉक्टर अल्टरनेरियाला विसरत नाहीत.

पतंग, विमान आणि औरंगाबाद

बुरशीवरचा संशय नवा नाही. मँचेस्टरचे चार्ल्स ब्लॅकली हे डॉक्टर स्वतः परागज्वराचे, म्हणजे परागांच्या अ‍ॅलर्जीचे, रुग्ण होते. उंचावर पराग असतात का हे पाहायला ते पतंगाला चिकट काचा बांधून सोडत. 1873 च्या त्यांच्या पुस्तकात एक वेगळाच प्रयोग आहे. ओल्या पेंढ्यावर वाढवलेल्या बुरशीचे बीजाणू त्यांनी मुद्दाम हुंगले, आणि घसा बसला, आवाज गेला, छाती भरली. तो प्रयोग त्यांनी पुन्हा केला नाही, यात नवल नाही.

1924 मध्ये कॅनडातल्या मॅनिटोबाचे डॉक्टर कॅडहॅम यांनी तीन शेतकऱ्यांचा दमा गव्हावरच्या तांबेऱ्याच्या बीजाणूंमुळे असल्याचं दाखवलं. 1933 मध्ये प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी उत्तर ध्रुवाकडच्या बर्फावरून विमान नेताना चिकट काचा बाहेर धरल्या. जिथे मैलोन्मैल झाडाचं पान नाही, तिथेही बीजाणू मिळाले. मग 1952 मध्ये इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड शेती संशोधन केंद्रात हर्स्ट यांनी मिनिटाला 10 लिटर हवा ओढून चिकट पट्टीवर बीजाणू टिपणारं यंत्र बनवलं. ते पिकांच्या रोगांसाठी होतं, पण शांत बसलेला माणूस साधारण तेवढीच हवा घेतो, म्हणून दवाखानेही ते वापरू लागले. आजही जगभर त्याच धाटणीची यंत्रं चालतात.

यातला एक धागा आपल्या दारातून जातो. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एस. टी. टिळक यांनी 1970 मध्ये कुलकर्णी यांच्याबरोबर हवेतले कण टिपणारं स्वतःचं यंत्र प्रसिद्ध केलं. 'टिळक एअर सॅम्पलर' या नावाने ते भारतभर गेलं. त्यांच्या विद्यार्थ्यांनी पिकांवरच्या, गावांवरच्या हवेत काय तरंगतं याच्या नोंदी वर्षानुवर्षं केल्या. मराठवाड्याच्या हवेची एवढी बारीक खानेसुमारी झाली आहे, हे किती मराठी वाचकांना ठाऊक असेल?

शेतातलं नाव वेगळं, दवाखान्यातलं वेगळं

अल्टरनेरिया हे नाव ऐकून पुस्तकी वाटेल. पण कांदा लावणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याने ती पाहिलेली आहे. पातीवर जांभळट डाग पडतात तो जांभळा करपा अल्टरनेरियाचाच. टोमॅटोच्या पानांवर गोल गोल वलयं उठवणारा लवकर येणारा करपाही तिच्याच कुळातला. नाकाला सतावते ती प्रजाती थोडी वेगळी आणि ती बहुतेक मेलेल्या, पिवळ्या पानांवर राहते, पण गोत्र एकच.

ज्वारी-बाजरीवरची काणी आठवा. दाण्याच्या जागी काळी पूड भरलेली असते आणि कणीस हलवलं की धूर निघाल्यासारखी उडते. ती पूड म्हणजे निव्वळ बीजाणू. उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक निघतो ती चाबूक काणी, तीही तशीच. गव्हावरचा तांबेरा चोळला की बोटं तांबडी होतात, तेही बीजाणूच. परतीच्या पावसात सापडलेली खरीप ज्वारी काळी पडते ती दाण्यांवर वाढलेल्या बुरशीने.

आणि हे सगळं झोडपलं जातं कधी? ऐन शरदात. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरभर विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनची काढणी असते. मळणीयंत्रातून निघणाऱ्या भुसकटात माती असते, सालपटांची धूळ असते आणि चार महिन्यांची बुरशी असते. यंत्राच्या तोंडाशी उभा राहणारा मजूर रुमालाखेरीज काही बांधत नाही. संध्याकाळी तो खोकतो, त्याला 'धूळ गेली' म्हणतात. ती नुसती धूळ नसते.

इथे दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं. मळणीच्या धुळीतला प्रत्येक खोकला बुरशीच्या माथी मारता येत नाही. 1981 ते 1987 या काळात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात 26 दिवस असे आले, की त्या दिवशी अचानक दम्याच्या रुग्णांनी दवाखाने भरले. शोध घेता घेता बोट बंदराकडे गेलं. जहाजातून सोयाबीन उतरवून ज्या कोठारात टाकत, त्याला धूळ अडवणाऱ्या गाळण्या नव्हत्या. दोष सोयाबीनच्या सालीतल्या प्रथिनाचा निघाला. गाळण्या बसवल्या आणि साथ थांबली.

'पण गाजर गवत, व्हायरस, दिवाळीचा धूर यांचं काय?'

रास्त प्रश्न आहे. लेखाच्या सुरुवातीला मी बुरशीला संशयित म्हटलं, आरोपी नाही, ते याचसाठी. शरदात संशयितांची रांगच असते.

महाराष्ट्रात पावसानंतर बहुतेक गवतं फुलोऱ्यावर येतात. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, अमेरिकी गव्हाबरोबर आलं अशी समजूत आहे आणि 1955 च्या सुमाराला पुण्यात ते पहिल्यांदा डोळ्यांत भरलं. मघाशी आलेल्या रॅगवीडचं ते जवळचं भावंड आहे आणि दोघांच्या परागांची प्रथिनं मिळतीजुळती आहेत. पुण्यात गाजर गवताने छळलेला माणूस अमेरिकेत शिकायला गेला तर तिथला ऑगस्ट-सप्टेंबर त्याला भारी पडू शकतो, तो यामुळे.

घरात डस्ट माइट असतात. डोळ्यांना न दिसणारे, आठ पायांचे जीव, गाद्या-उशांत आपल्या त्वचेच्या कोंड्यावर जगतात. त्यांनाही ओल आवडते, म्हणून पावसाळाअखेर त्यांची वस्ती भरात असते. गोधडी झटकल्यावर येणाऱ्या शिंकांत यांचा वाटा मोठा असतो आणि बहुतेकदा बुरशीपेक्षा जास्तच. व्हायरसचं म्हणाल तर कॅनडा-ब्रिटनमध्ये सप्टेंबरात शाळा उघडल्या की दोन-तीन आठवड्यांत मुलांच्या दम्याची लाट येते आणि ती मुख्यतः सर्दीच्या विषाणूंनी आणलेली असते. आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडतात, तरी ताप, अंगदुखी आणि घरातल्या सगळ्यांना एकामागून एक लागण असेल तर व्हायरसच समजावा. दिवाळीच्या धुराने अ‍ॅलर्जी होत नाही, पण आधीच सुजलेल्या श्वासनळीवर तो मीठ चोळतो.

वादळी पाऊस या सगळ्यांना एकत्र आणतो. 21 नोव्हेंबर 2016 रोजी मेलबर्नमध्ये विजांच्या वादळानंतर हजारो लोकांना एकाच संध्याकाळी दम्याचा झटका आला, 10 जण दगावले. तिथे गवताचे पराग फुटून बारीक झाले होते. पण इंग्लंडमधल्या अशाच एका वादळाच्या अभ्यासात बहुतेक रुग्णांना अल्टरनेरियाची अ‍ॅलर्जी सापडली.

मग आपला त्रास कशाचा, हे कळणार कसं?

पहिलं साधन फुकट आहे: वही. त्रास सुरू झाल्याची तारीख, वेळ, त्या दिवशी ऊन की पाऊस, आपण कुठे होतो, काय करत होतो. दोन वर्षांच्या नोंदी डॉक्टरांसमोर ठेवल्या तर निम्मं निदान तिथेच होतं. अंथरुणात, पहाटे शिंका आणि बाहेर पडलं की आराम: माइटकडे बोट जातं. शेतात, कोरड्या पाचोळ्यात, दुपारी त्रास आणि पावसाची सर आली की बरं: कोरड्यात उडणारी बुरशी किंवा पराग. तळघरात, ओल आलेल्या खोलीत, जुनी पुस्तकं चाळताना: घरातली बुरशी.

दुसरं साधन त्वचेची चाचणी. हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवून टोचतात आणि 15-20 मिनिटांत कुठे गांध उठते ते पाहतात. पराग आणि माइटसाठी ही चाचणी चांगली आहे. बुरशीसाठी तेवढी भरवशाची नाही, आणि हे रुग्णांना क्वचितच सांगितलं जातं. कारण बुरशीचा अर्क हे लोणच्यासारखं प्रकरण आहे: तीच कैरी, तेच मीठ, तरी प्रत्येक बरणी वेगळी मुरते. कोणती उपजात घेतली, कशावर वाढवली, तंतू जास्त आले की बीजाणू, यावर त्यातली प्रथिनं बदलतात. त्यामुळे चाचणी कोरी आली तरी बुरशी सुटली असं होत नाही. उलट बाजूने, गांध उठली पण त्या ऋतूत काहीच त्रास नसेल, तर ती अ‍ॅलर्जी कागदावरचीच. अल्टरनेरियाच्या मुख्य प्रथिनाविरुद्धचं आयजीई रक्तात तपासता येतं. ते जास्त नेमकं असतं.

'मोबाइलवर एक्यूआय हिरवा दिसतोय, मग हवा वाईट कशी?'

भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक आठ प्रदूषकांवरून काढतात: दोन आकारांचे धूलिकण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. पराग आणि बीजाणू त्यात नाहीत. धूलिकणांच्या वजनात ते मिसळलेले असतील, पण यंत्राला वजन कळतं, जात कळत नाही. अमेरिकेत परागांबरोबर बुरशीचेही आकडे जाहीर करणाऱ्या केंद्रांचं जाळं आहे. आपल्याकडे मोजायची विद्या निदान 1970 पासून आहे. हवामानाच्या बातमीनंतर 'आज अल्टरनेरिया जास्त' असं सांगणारं कोणी नाही.

'काळी बुरशी ती हीच का?' आणि आणखी काही भीती

नाही. 2021 मध्ये कोविडनंतर जिचं नाव घराघरात पोचलं ती म्युकरमायकोसिस. तो संसर्ग होता: प्रतिकारशक्ती ढासळलेल्या, विशेषतः साखर बेकाबू असलेल्या माणसाच्या शरीरात बुरशी प्रत्यक्ष वाढत होती. अ‍ॅलर्जीत बुरशी वाढत नाही, शरीर तिच्या नुसत्या वासावर भुंकतं.

या दोन टोकांच्या मधला एक आजार मात्र दमेकऱ्यांनी लक्षात ठेवावा. काही दमेकऱ्यांच्या श्वासनळीतल्या चिकट कफात अ‍ॅस्परजिलस मुक्काम ठोकते आणि शरीर तिच्यावर सतत चवताळलेलं राहतं. 1952 मध्ये इंग्लंडमध्ये याचं पहिलं वर्णन झालं. दमा औषधांना दाद देत नाही, तपकिरी कफाच्या गुठळ्या पडतात, एक्स-रेवर डाग दिसतात. भारतात असे डाग दिसले की क्षय समजून औषधं सुरू होण्याचे प्रकार घडतात. थुंकीत क्षयाचे जंतू न सापडता उपचार लांबत असतील तर 'बुरशीची तपासणी करायची का?' हे विचारायला संकोच करू नये.

पेनिसिलीनच्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी पेनिसिलियम बुरशीला घाबरायचं कारण नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. बुरशीची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेकांना अळंबीची भाजीही चालते.

घरात काय करावं

बाहेरची हवा आपल्या हातात नाही. घरातली काही प्रमाणात आहे. भिंतीला ओल कुठून येते ते शोधून आधी ते बंद करावं. ओल तशीच ठेवून वरून रंग मारला तर बुरशीला नवं अंथरूण मिळतं. डाग कोरड्या ब्रशने खरवडू नयेत, बीजाणू घरभर होतात. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावं. बाथरूमचा पंखा अंघोळीनंतर थोडा वेळ चालू ठेवावा. एसीची जाळी पावसाळ्यानंतर धुवावी. ओले कपडे घरात वाळवणं पावसाळ्यात टळत नाही, पण निदान झोपायच्या खोलीत नकोत.

मळणीला, पाचोळा गोळा करायला, माळा काढायला एन-95 मास्क. कोविडातले पुष्कळ घरोघरी पडून आहेत. पाचोळ्याच्या ढिगावर आधी पाणी शिंपडलं तर खकाणा कमी उडतो, मात्र तो त्याच दिवशी हलवावा.

औषधांत लोक एक चूक नेमकी करतात. नाकात मारायचा स्टेरॉइडचा फवारा शिंका आल्या की मारतात आणि 'काही उपयोग नाही' म्हणून ठेवून देतात. तो रोज, ऋतू सुरू होण्याच्या थोडं आधीपासून घ्यायचा असतो. परिणाम दिसायला काही दिवस जातात. लगेच आराम देते ती अँटिहिस्टामिनची गोळी. जलनेती करायची तर उकळून गार केलेल्या पाण्याने. अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं पराग आणि माइटसाठी चांगली ठरली आहेत. बुरशींपैकी अल्टरनेरिया आणि क्लॅडोस्पोरियम सोडता त्यांचा पुरावा तोकडा आहे, अर्काच्या त्या लोणच्याच्या भानगडीमुळेच. छातीत घरघर, बोलताना धाप, रात्री झोपेतून उठवणारा खोकला यांपैकी काही असेल तर काढ्यावर थांबू नये, डॉक्टरांकडे जावं.

आमच्या घरी यंदा माळा उन्हं चढायच्या आत उतरवला, खिडक्या सताड उघडून, सगळ्यांनी मास्क लावून. गोधड्या गॅलरीत झटकण्याऐवजी थेट गरम पाण्यात गेल्या. जुन्या मासिकांचे गठ्ठे बाबांना रद्दीत द्यायचे नव्हते. ते ओलसर लागत होते, कडांना काळे ठिपके होते, आणि त्यावरून झालेला वाद अजून मिटलेला नाही.